अंशतः खरे सोनकांबळे काका

सोनकांबळे काकांना तुम्ही "जेवलात का?" असं विचारलं, तर ते आधी उभे राहतात. बसलेले असले तर उभे राहतात, आणि उभेच असले तर जरा जास्त उभे राहतात. मग सदऱ्याचं वरचं बटण लावतात, घसा साफ करतात आणि सांगतात, "हे अंशतः खरे आहे."

म्हणजे पोळीभाजी झालीय, भात राहिलाय.

मी लातुरात ट्यूशनच्या पोरांसाठी मेस चालवते. सकाळ-संध्याकाळ पोरं ताटं घेऊन रांगेत उभी असतात, त्यामुळं मला सरळ बोलणारी माणसं लागतात. वाढू का? हाव. पुरे का? हाव. विषय संपला. आणि माझ्या नशिबी शेजारी आले कोण, तर सोनकांबळे काका. आमच्या दोघांच्या अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून मी वर्षानुवर्षं ह्या माणसाला साधे प्रश्न विचारत आलेय आणि त्यांनी मला साधं उत्तर म्हणून दिलेलं नाही.

असं नाही की त्यांना बोलता येत नाही. एरवी काका आपल्यासारखंच बोलतात. "शोभा, आज ऊन लई हाय बग," म्हणतात. "पोरांना ताक दे जराशिक," म्हणतात. पण वाक्याच्या शेवटी प्रश्न आला की अंगात सरकार येतं.

त्याला कारण त्यांची नोकरी. काका एका सरकारी खात्यात होते. खातं कोणतं ते जाऊ द्या, टेबल सांगते, कारण सगळी भानगड त्या टेबलाची आहे. विधानसभेत आमदार प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात, हे आपण टीव्हीवर बघतो. पण आपल्याकडच्या कुठल्या वस्तीवरचा हातपंप कधीपासून बंद आहे हे मंत्र्याला काय ठाऊक? म्हणून तो प्रश्न मुंबईहून निघतो, एकेक पायरी खाली उतरत जिल्ह्याला येतो आणि जिल्ह्यातसुद्धा खाली खाली येत शेवटी ज्याच्या खाली कुणीच नाही अशा टेबलावर येऊन थांबतो. त्या टेबलामागं काका बसायचे. उत्तर ते लिहायचे. मग ते एकेक सही खात वर जायचं आणि मंत्री ते वाचायचे. "तुमी ज्याला शासन म्हणता," काका सांगतात, "ते म्याच होतो."

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. काकांनी तो मला इतक्यांदा ऐकवलाय की आता मी त्याच्या तालावर पोळ्या लाटते. अमुक गावी अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्यावर कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

"ह्यातला शेवटचा आपला लाडका," काका म्हणतात. "विलंबाच्या कारणांचा मला कधी तुटवडा पडला न्हाई. निधी न्हाई, माणूस न्हाई, पाऊस जास्ती झाला, पाऊस कमी झाला, आचारसंहिता लागली, आचारसंहिता उठली. झोपेतून उठवून इचार."

मी खरंच झोपेतून उठवून विचारलं. दुपारी काका बाजेवर घोरत होते आणि नळ सुटला होता. लातुरात नळ सुटला असताना झोपणं म्हणजे काय, ते लातूरकरालाच कळेल. मी भिंतीवरून ओरडले, "काका, मोटर कामून लावली न्हाई अजून?" काका मिटल्या डोळ्यांनीच उठून उभे राहिले. "विद्युत पुरवठ्यात तांत्रिक अडचण उद्भवल्याने," म्हणाले आणि परत आडवे झाले. त्यांच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

'अंशतः' हा शब्द त्यांचा जीव की प्राण. त्यांचं म्हणणं, नुसतं 'हे खरे आहे' असं लिहिलं की साहेबाची बदली झालीच म्हणून समजायचं, आणि नुसतं 'हे खरे नाही' लिहिलं की आमदार फोटो घेऊन येतो. 'अंशतः' लिहावं, सगळ्यांचं भागतं. सबंध नोकरीत आपण एकदाही नुसतं 'हे खरे आहे' लिहिलेलं नाही, असं ते छाती पुढं काढून सांगतात.

आणि पुलाची गोष्ट तर ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. एकदा प्रश्न आला, की सीमेकडच्या एका गावचा पूल पहिल्याच पावसाळ्यात पडला, हे खरे आहे काय? साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. काका जीपनं त्या गावी जाऊन आले. तिथं ओढा होता, ओढ्यात म्हशी होत्या, आणि पूल नव्हता. पडलेला नव्हता आणि उभाही नव्हता. तो बांधलाच नव्हता. काका परत आले आणि त्यांनी शांतपणे लिहिलं, 'पूल पडला, हे खरे नाही.' साहेबांनी चहा मागवला आणि पाठ थोपटली.

"एक अक्षर तरी खोटं हाय का त्यात?" काका मला म्हणाले.

"न्हाई," मी म्हटलं. "पण मग गावातली माणसं ओढ्यापल्याड जायची कशी?"

काका उभे राहिले, बटण लावलं. "हा उपप्रश्न झाला," म्हणाले आणि घरात गेले.

उपप्रश्नाला काका फार भितात. लेखी प्रश्न हा आधी कळवून येणारा पाहुणा, त्याची तयारी करता येते. उपप्रश्न म्हणजे सभागृहात ऐन वेळी उठून विचारलेला. एकदा ते साहेबांबरोबर नागपूरच्या अधिवेशनाला गेले होते, अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसायला मिळालं होतं. काकांनी उत्तर लिहिलेला प्रश्न पुकारला, मंत्री उभे राहिले आणि तेवढ्यात दुसऱ्याच कशावरून तरी गोंधळ झाला. घोषणा, आरडाओरडा, कामकाज तहकूब. परत सभागृह भरलं तेव्हा प्रश्नोत्तराचा तास संपून गेला होता. "जीव भांड्यात पडला," काका सांगतात. "तेवढा तास टळला, की प्रश्न टळला." तिथून त्यांनी आणखी एक गोष्ट घरी आणली. मंत्री उत्तर द्यायला उभे राहतात आणि विचारणाऱ्याचं समाधान होईस्तोवर सारखे उभे राहतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून काकाही उभे राहतात. गुडघे दुखतात, तरी राहतात.

ह्या माणसाशी संसार कसा केला, असं मी एकदा काकूंना विचारलं. काकू सुपात डाळ निवडत होत्या. "म्या त्यांला काई इचारतच न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "सांगून टाकते. पिशवी घ्या. भाजी आणा. कोथिंबीर बगून आणा. इचारलं की मेला कारभार."

गल्लीत काकांचा विरोधी पक्ष म्हणजे समोरचे जोशी सर. सर शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण प्रश्न विचारायची सवय गेली नाही, आणि गल्लीत उत्तरं देणारा एकच माणूस होता. रोज सकाळी दोघं चहाच्या टपरीवर भेटतात. सर विचारतात, "काल तुमच्या दारातला दिवा दिवसभर चालू होता, हे खरे आहे काय?" काका चहाचा कप ठेवून उभे राहतात. टपरीवाला सांगतो की ह्या दोघांमुळं त्याचं गिऱ्हाईक वाढलं.

आता प्रज्ञाचं सांगायला हवं. प्रज्ञा म्हणजे काका-काकूंची एकुलती एक लेक. नांदेडला दिली होती, तिथंच एका दवाखान्यात नर्सची नोकरी करत होती. हसरी पोर. लहानपणी माझ्या मेसमध्ये येऊन पोरांना वाढू लागायची. बापाची थट्टा करायला तिच्याइतकं कुणी नाही. पण लग्नानंतर माहेरी आली की हसायची कमी आणि फोनकडं बघायची जास्त. सासरी तिला दिवसभर प्रश्नच प्रश्न असायचे. ड्यूटी सुटली कधी, घरी पोचली कधी, मधे कुठं गेली होती, फोन कुणाचा होता, हसून कामून बोलत होती. हे तिनं मला एकटीला सांगितलं होतं, भिंतीशी उभी राहून.

दिवाळीत ती आली होती. निघायच्या दिवशी सगळे अंगणात होतो, मी चिवड्याचा डबा घेऊन गेले होते, जोशी सरही होते. बॅग भरता भरता प्रज्ञा सहज बोलल्यासारखी म्हणाली, "पप्पा, मी थोडे दिवस इथंच राहू का?"

काका उभे राहिले. बटण लावलं. "सदर बाब तपासण्यात येत आहे," म्हणाले.

सगळे हसले. प्रज्ञाही हसली. मग एसटीची वेळ झाली म्हणून काका तिला स्टँडवर सोडून आले.

त्यानंतर ती आली ती उन्हाळ्यात, भर दुपारी. मी पोरांची ताटं वाढत होते. रिक्षा थांबली आणि प्रज्ञा उतरली, हातात एक बॅग आणि एक गादीची वळकटी. बॅग घेऊन माहेरी येतात, वळकटी घेऊन कुणी येत नाही. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तिच्या गालावर, कानाजवळ, हिरवट डाग होता.

काका दारात होते. मला वाटलं, आता हा माणूस काय बोलतोय. ते काहीच बोलले नाहीत. कामून आलीस नाही, किती दिवस नाही, जावईबापूंना सांगितलंस का नाही. वळकटी खांद्यावर घेतली, आत नेऊन आतल्या खोलीत अंथरली आणि पंखा लावला. जन्मभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिलेल्या ह्या माणसानं पोरीला एक प्रश्न विचारला नाही.

गल्लीनं मात्र विचारले. आमची गल्ली वाईट नाही, पण तिला राहवत नाही. भाजीवालीपासून सगळे काकांना गाठू लागले, आणि तेव्हा कुठं मला कळलं की काकांचं शिक्षण किती मोठं होतं. "प्रज्ञा आलीय म्हणे?" "माहिती घेण्यात येत आहे." "किती दिवस राहणार?" "कालावधी निश्चित करण्यात आलेला नाही." "काही झालंय का तिकडं?" "असे कोणतेही निवेदन प्राप्त नाही." माणसं विचारायला येत आणि काय विचारायला आलो होतो तेच विसरून जात. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. हातात पिशवी घेऊन हा वाळका माणूस गल्लीच्या एका टोकाला उभा, आणि त्याच्या पाठीमागं लेक निवांत केस वाळवत बसलेली.

जोशी सरांनी एक दिवस टपरीवर तोंड उघडलं. "सोनकांबळे, तुमची कन्या..." एवढं म्हणाले. काका उभे राहिले आणि बटणाकडं हात नेला. त्या हाताकडं बघून सर थांबले. "प्रश्न मागे घेतो," म्हणाले आणि काकांना अर्धा चहा आणखी सांगितला.

मग एका रविवारी नांदेडहून गाडी आली. प्रज्ञाच्या नवऱ्याचे मामा आले होते. पांढरे कपडे, हातात दोन फोन, चार माणसांत वजन असलेले गृहस्थ. काकूंनी मला भिंतीवरून खूण केली, मी भजी तळायच्या निमित्तानं त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. प्रज्ञा तिथंच दाराआड बसली होती, ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत. तिचं सगळं लक्ष बाहेर होतं. मला तिच्या मनातलं कळत होतं. आता पप्पा म्हणणार, बाब तपासण्यात येत आहे. आणि तपासता तपासता तिला गाडीत बसवून देणार.

"सोनकांबळे साहेब," मामा म्हणाले, "पोरगी हितं किती दिवस ठेवून घेणार?"

काका उभे राहिले. "ठेवून घेतलेली नाही. मुलगी स्वतःच्या घरी राहत आहे."

"ते झालं हो. पण पाठवता कवा?"

"पाठवण्याचा कोणताही प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन नाही."

मामांनी दोन्ही फोन खाली ठेवले. "शासन? कोण शासन?"

काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. काकू डाळीच्या पिठानं माखलेले हात घेऊन बाहेर आल्या. "मी," म्हणाल्या आणि परत आत आल्या.

मामांनी चहाचा घोट घेतला. "हे बगा, भांड्याला भांडं लागतंच. पोरानं हात उचलला म्हणतेत, तसं काई न्हाई. तुमी चौकशी करा की आमच्याकडं येऊन."

"चौकशी होणार नाही," काका म्हणाले. "मुलीने सांगितले, तो अहवाल अंतिम समजण्यात आला आहे."

"आन् लोकं काय म्हणतील?"

"लोकांचे म्हणणे अद्याप प्राप्त झालेले नाही."

"आमच्या इज्जतीचं काय मग?" मामांचा आवाज चढला.

"प्रश्न उद्भवत नाही," काका म्हणाले.

आपला अपमान झाला की सत्कार, हेच मामांना समजेना. दोन्ही फोन उचलून ते गाडीत जाऊन बसले. गाडी कोपऱ्यावरून वळली तसं जोशी सरांनी आपल्या ओट्यावरून जोरात विचारलं, "पाहुण्यांनी चहा घेतला, हे खरे आहे काय?"

"अंशतः," काका म्हणाले. अर्धा कप शिल्लक होता.

मी इतकी हसले की भजी करपली. काका तर तरंगत होते. अंगणात येरझाऱ्या घालत स्वतःचीच उत्तरं पुन्हा म्हणून बघत होते, "विचाराधीन नाही... प्राप्त झालेले नाही..." संध्याकाळी मी शिरा करून नेला. ऊन उतरलं होतं. काकू ओट्यावर सूप घेऊन बसल्या होत्या, काका खुर्चीत, प्रज्ञा पायरीवर. मी तिच्या हातात वाटी दिली. तिनं ती बाजूला ठेवली. दुपारपासून एकटी तीच हसली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"पप्पा," ती म्हणाली, "एक प्रश्न आहे."

काका ऐटीत उभे राहिले. वरचं बटण लावलं. त्यांना वाटलं पोर थट्टा करतेय. मलाही तसंच वाटलं.

"मी इथं राहू का, असं दिवाळीत मी तुम्हाला विचारलं होतं. हे खरे आहे काय?"

काकांचा हात बटणावरच राहिला. आता 'अंशतः' येणार म्हणून मी वाट बघत होते. ते आलं नाही.

"हे खरे आहे," काका म्हणाले.

"असल्यास, त्यावर कोणती कार्यवाही केली?"

"कोणतीही नाही."

काकूंचा सुपातला हात थांबला. प्रज्ञा बापाकडं बघत नव्हती, पायरीकडं बघत होती.

"नसल्यास," ती म्हणाली, "विलंबाची कारणे काय आहेत?"

काकांचे ओठ हलले. मी त्या माणसाला ओळखते. निधी, पाऊस, आचारसंहिता, सगळं त्यांच्या तोंडाशी येऊन गेलं असणार. झोपेतसुद्धा ज्यांना कारण सुचायचं, ते काका तिथं उघड्या तोंडानं उभे होते. मला वाटलं, कुणीतरी गोंधळ करा, घोषणा द्या, तास संपवा. गल्लीत साधं कुत्रंही भुंकलं नाही.

"कारण न्हाई, माय," काका म्हणाले. सरकार अंगातून कुठं निघून गेलं कोण जाणे, आवाज साधा बापाचा होता. "कारणच न्हाई. तू इचारलंस तवाच मला कळलं होतं. कळलं होतं, आन् म्या तुला गाडीत बसवून आलो."

आणि ते उभेच राहिले. विचारणाऱ्याचं समाधान होईस्तोवर बसायचं नसतं, म्हणून उभे राहिले. एक हात दुखऱ्या गुडघ्यावर होता, डोळे वाहत होते, बटण गळ्याशी घट्ट लावलेलं होतं.

प्रज्ञा पायरीवरून उठली. मागं सरकलेली खुर्ची तिनं ओढून त्यांच्या पायांशी आणली आणि त्यांच्या गळ्याचं बटण काढलं.

"बसा, पप्पा," ती म्हणाली. "माझा उपप्रश्न नाही."